न तोलता वजन सांगा : नवशिक्यांसाठी खान्देशी मार्गदर्शिका

अभिनंदन. दुसऱ्याच्या पोरीचं, सुनेचं, भाचीचं वजन वाढलं की उतरलं हे चारचौघांत सांगायला जी मूळ पात्रता लागते, ती तुमच्यात आहे: तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. बाकीचं सरावाने जमतं. साहित्य काही लागत नाही. वजनकाटा तर घरात असला तरी माळ्यावर टाकून द्या. काट्याचा स्वभाव आपल्या कामाला मारक आहे. तो सगळ्यांना एकाच भाषेत आकडा सांगतो, आणि समोर बाई उभी आहे की बापई हे बघत नाही.

पहिला धडा : अखाजी

सरावाला अखाजीसारखा दिवस नाही. जळगाव-धुळ्याकडे अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात. गौराई बसलेली असते, निंबाला झोका बांधलेला असतो, खापरावर मांडे भाजले जात असतात, आमरसाचं पातेलं भरलेलं असतं. पोर एसटीतून उतरून गल्लीच्या तोंडाशी आली की तुमचं काम सुरू. दारापासून ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावीपर्यंत तुम्हाला वेळ आहे. त्यानंतर बोललात तर ती नुसती चौकशी ठरते.

वाक्यं दोनच पाठ करायची आहेत. एक: "माय वो! कितली जाडी व्हई गयी वं तू!" दुसरं: "माय वो! कितली वाळी गयी वं! सासरले खावाले देतस नही का?" दोन्हींची सुरुवात सारखीच आहे, याचा फायदा नवशिक्यांनी जरूर घ्यावा. पोर लांब असतानाच "माय वो" म्हणून टाकावं, आणि ती जवळ येईपर्यंत पुढचं काय म्हणायचं ते ठरवावं. 'होती तशीच आहे' हे तिसरं वाक्य अभ्यासक्रमात नाही. ते सहसा वडील म्हणतात, तेही पेपरातून मान वर न करता.

निदान झालं की लगेच ताट वाढा. जाडी ठरवलेल्या पोरीलाही मांड्यांचा तोच आग्रह करायचा, त्यात सूट नाही. "खाय ना वं माय, कितला नखरा करस!" असं म्हणत तिसरा मांडा ताटात टाकावा, आणि तिने घास घेतला की शेजारी बसलेल्या फुईकडे, म्हणजे आत्याकडे, एकदाच बघावं. बोलू नये. वाढणारा हात आणि मोजणारा डोळा एकाच वेळी चालवणं हे या विद्येतलं पहिलं कौशल्य आहे. ते जमलं नाही तर लग्नकार्यात तुमचा निभाव लागणार नाही.

वयाप्रमाणे प्रमाण

बाईचं योग्य वजन किती, असा भाबडा प्रश्न नवशिक्या विचारतो. किलोत विचारू नका, कोणत्या महिन्यात ते विचारा.

लग्नाआधी सडपातळ. बायोडाटात हा शब्द नसेल तर मधला माणूस फोनवर "फोटोत जरा भरलेली दिसते" असं म्हणून स्वतःच दुरुस्ती सुचवतो. लग्नानंतर सहा महिन्यांत थोडी भरायलाच हवी. तिला 'सासर मानवलं' असं म्हणतात, आणि ते न मानवलेलं दिसलं तर सासूची बदनामी होते. म्हणजे या काळात तिचं शरीर हे दोन घरांमधलं प्रशस्तिपत्रक असतं. वर्षभरात पोट किंचित पुढे दिसलं तर डोळे मिचकावून "काय, गोड बातमी?" असं विचारावं. बातमी नसेल तर खजील होण्याची पाळी तिची, तुमची नव्हे. बातमी असेल तर पुढचे नऊ महिने ती दोन जिवांची. खा, झोप, तूप घे. मग माहेरी बाळंतपण. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शिरा, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार. सव्वा महिना झाला की विचारायचं, "अजून पोट गेलं नाही?" हा प्रश्न ज्यांनी स्वतः लाडू वळून भरवले त्यांनीच विचारावा अशी प्रथा आहे. त्यांना आतला माल माहीत असतो.

या सगळ्याची बेरीज-वजाबाकी केली तर बाईचं वजन अगदी बरोबर असण्याचा क्षण आयुष्यात एकदाच येतो: हळदीच्या दिवशी, सकाळी, नाश्त्याआधी. फोटोग्राफर उशिरा आला तर तोही जातो.

सोडवलेलं उदाहरण

मुलगी 64 किलो. मुलगा 91 किलो. लग्नाला तीन महिने आहेत. जिम कोणी लावावी?

उत्तर: मुलीने. तिला शालू नेसायचा आहे. मुलाला ब्लेझर आहे, बटण न लावता घालता येतो. "दोघांनीही" असं उत्तर लिहिणाऱ्यांना अर्धे गुण मिळतील, पण अशा उमेदवारांना पुढे घरात फार कोणी बोलावत नाही हे ध्यानात ठेवावं.

बायोडाटात मुलाच्या बाजूला वजनाचा रकानाच नसतो. तिथे शेती किती, पगार किती, पुण्यात फ्लॅट आहे का, एवढंच. मुलीच्या बाजूला वजन दोनदा येतं. एकदा तिचं स्वतःचं, ते कमी हवं. दुसऱ्यांदा अंगावर घालायच्या सोन्याचं, ते जास्त हवं. जळगाव सोन्याच्या शुद्धतेसाठी नाव कमावलेलं गाव. इथल्या सराफाकडे 10 ग्रॅमचा तोळा म्हणजे 10 ग्रॅमचाच, काट्यावर काच, आत वारा शिरायची सोय नाही. त्याच दुकानात त्याच नवरीकडे बघून काकू "हार शोभेल, पण मान जरा भरलेली आहे ना" असं म्हणतात, तेव्हा काच कुठेच नसते.

इथे मार्गदर्शिकेचा सूर जरा बाजूला ठेवते. हे सगळं बायाच बोलतात, म्हणून 'बाईच बाईची वैरी' असं म्हणून घरातले पुरुष सोफ्यावर पाय वर घेऊन मोकळे होतात. पण 'सडपातळ हवी' हे कोणासाठी लिहिलंय? फुई, मामी, काकू या सगळ्या त्या मालाच्या तपासनीस आहेत. गिऱ्हाईक आत बसून भजी खात असतं. त्यांनीही कधीकाळी ही तपासणी उभं राहून सोसली. आपल्याला लागलेला काटा पुढच्या पोरीला लावला की आपण पास झालो असं वाटत असावं. असो. परत धड्याकडे.

बापयांचं पोट : हाताळणी

हा धडा मोठा आहे, कारण यात न बोलणं शिकायचं आहे आणि ते बोलण्यापेक्षा अवघड.

हिवाळ्यात भरीत पार्टीला जाऊन बघा. शेतात पऱ्हाट्या पेटवलेल्या, त्यावर बामणोदकडची हिरवट लांब वांगी फुटेपर्यंत भाजलेली, मिरची-लसूण घालून कुटलेली, वर शेंगदाण्याच्या तेलाचा हात सैल. सोबत कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. तिसऱ्या वेळी वाढून घेतल्यावर मंडळी बांधावर बसून पट्टे सैल करतात आणि पोटावरून हात फिरवतात, जणू तिथे कोणी नातू झोपलाय. अशा वेळी "किती जाड झालात हो" असं म्हणायचं नसतं. म्हणावंच लागलं तर "तब्येत छान झाली" म्हणावं. पोट शर्टाच्या बाहेर आलं असेल तर माणूस 'भारदस्त' होतो, पुढाऱ्याला तर त्याशिवाय शोभाच नाही. शाळेतल्या सरांचं पोट सुटलं तर 'खात्यापित्या घरचे'. त्याच शाळेतल्या बाईंचं सुटलं तर पोरं टोपणनाव ठेवतात, आणि ते टोपणनाव स्टाफरूममध्येही चालतं.

कोणी चुकून पुरुषाला जाड म्हटलंच, तर काय होतं ते 2025 च्या मार्चमध्ये देशाने पाहिलं. चॅम्पियन्स करंडक चालू होता. काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी भारताचा कर्णधार रोहित शर्मा खेळाडूच्या मानाने जाड आहे, त्याने वजन कमी करावं, असं समाजमाध्यमावर लिहिलं. काय तो गहजब! पक्षाने हात झटकले, मजकूर काढायला लावला, विरोधकांना देशाचा अपमान झाल्याचा साक्षात्कार झाला, वाहिन्यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा. 9 मार्चला दुबईत अंतिम सामन्यात रोहितने 76 धावा काढल्या, सामनावीर झाला, करंडक आणला. विषय मिटला. उत्तम झालं, माणसाला त्याच्या कामावर तोलावं, पोटावर नाही, हे आपल्याला कळतं हे तरी सिद्ध झालं. मधल्याच 8 तारखेला महिला दिन होता. त्या दिवशी किती कार्यालयांत बायकांना एकेक गुलाब देऊन 'आहार आणि सडपातळ बांधा' या विषयावर व्याख्यान ऐकवलं असेल, त्यावर कुठल्या वाहिनीने चर्चा घेतली नाही.

आता आकडे, कारण हुशार भाच्या हल्ली आकडे विचारतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर बायकांमागे 24 जणींचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. पुरुषांमागे सुमारे 23. फरक एकाचा. टोमण्यांचं सर्वेक्षण कोणी केलेलं नाही, पण तिथे फरक एकाचा निघेल असं मला वाटत नाही. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे: 15 ते 49 वयाच्या बायकांत रक्त कमी असलेल्या शेकडा 57, पुरुषांत 25. हा आकडा आपल्या विद्येच्या बाहेरचा समजावा. आपला डोळा दंडावर, कमरेवर, हनुवटीखाली फिरतो. डोळ्याची पापणी खाली ओढून आतला रंग बघणं त्याला शिकवलेलं नाही. फिकट पडलेली सून तर उलट 'उजळली' म्हणून खपून जाते.

ती फिकट का पडते हे स्वयंपाकघरात शेवटच्या पंगतीला बसलं तर दिसतं. शेवभाजीच्या पातेल्यात तोवर लाल रस्सा उरलेला असतो, शेव गेलेली असते. बट्टीचे तुपात बुडवलेले तुकडे बाहेर संपलेले असतात, आत वरण आणि कोरडी बट्टी. आणि मग दुसऱ्या बाजूने: लेकराने टाकलेला भात, नवऱ्याने सोडलेली अर्धी पोळी, कालची खिचडी, टाकायचं नाही म्हणून तिनेच संपवायचं. अंगात लोह नाही आणि कमरेवर चरबी आहे, ही करामत अशी साधते. तिच्या कमरेवर घरभराचं उरलेलं असतं. टोमणा मारताना घरातल्या प्रत्येकाने आपापला वाटा ओळखायला हरकत नाही, पण तसं कोणी करत नाही.

विज्ञानापासून सावध

आपल्या धंद्याला डॉक्टरांपासून धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हेच उकरून काढलं की दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसाच्या आतही चरबी भरपूर असू शकते, आणि मधुमेह बांधा विचारून येत नाही. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना फोटो काढून, यंत्रात मोजून जे सांगावं लागलं, ते आपली मामी ओट्यावर बसून सांगते, आणि चुकते, हे बाहेर पडता कामा नये.

बीएमआयचंही फार मनावर घेऊ नका. बेल्जियमच्या अडॉल्फ केतले नावाच्या खगोल आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने 1830 च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना ते सूत्र काढलं. त्याला रोग शोधायचा नव्हता. त्याच्या त्या सरासरीत पारोळ्याची कोणी फुई नव्हती, हे नक्की.

घरचा अभ्यास : मालिका

2020 मध्ये कलर्स मराठीवर 'सुंदरा मनामध्ये भरली' आली, 2021 मध्ये झी मराठीवर 'येऊ कशी तशी मी नांदायला'. अक्षया नाईकची लतिका, अन्विता फलटणकरची स्वीटू. दोघीही नायिका आणि दोघीही जाड. हे मराठी टीव्हीवर आधी क्वचितच दिसलं होतं. जाड बाई म्हणजे शेजारीण, मोलकरीण किंवा विनोद, एवढीच तिची जागा असे. त्याआधी 2016 मध्ये सचिन कुंडलकरांचा 'वजनदार' येऊन गेला होता. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी भूमिकेसाठी वजन वाढवलं, याचंच जास्त कौतुक झालं. मला या मालिकांचं आवडलं तेही आणि खटकलं तेही एकच: जाड नायिकेची गोष्ट तिच्या जाडीचीच असते. ती बँकेत चोरी पकडू शकत नाही, भूत बघू शकत नाही. नायकाच्या पोटावर मात्र कधी एक भागही खर्ची पडत नाही.

नवशिक्यांसाठी गृहपाठ: रात्री लतिकेला कोणी घालूनपाडून बोललं की पदराने डोळे पुसावेत. जाहिरात लागली की सुनेला हाक मारून सांगावं, "तू भात नको घेऊस हं."

चालणाऱ्या, धावणाऱ्या, उचलणाऱ्या

बाई व्यायाम करत नसेल तर "दिवसभर बसून असते". करत असेल तर "घर टाकून फिरते". जळगावात मेहरूण तलावाला पहाटे फेऱ्या मारणाऱ्या बायका दिसतात. ओढणी सांभाळत, मैत्रिणीबरोबर, जरा उशीर झाला की लगबगीने परत, कारण डबे भरायचे असतात. हे चालेल. पळू लागली तर विचारावं, कोणाला दाखवायला. जिममध्ये डंबेल उचलू लागली तर सांगावं, हात बापयांसारखे होतील.

मनमाडच्या बाजूला मात्र हा धडा घेऊन जाऊ नका. भुसावळहून गाडीत बसलं की फार लांब नाही ते, आणि तिथल्या पोरी वेटलिफ्टिंग करतात. तिथली आकांक्षा व्यवहारे 2022 मध्ये मेक्सिकोत युवा जागतिक स्पर्धेत 40 किलो गटात रौप्य घेऊन आली. त्याच वर्षी मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने ग्रीसमध्ये कनिष्ठ जागतिक स्पर्धेत 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून सुवर्ण आणलं. भारताला त्या स्पर्धेतलं पहिलं. या खेळात पोर काट्यावर उभी राहते, वजनाची नोंद होते, ते यादीत नावापुढे छापलं जातं, आणि कोणी "माय वो" म्हणत नाही. पुढचा प्रश्न असतो, सुरुवात किती किलोने करणार. आपली दोन्ही वाक्यं अशा ठिकाणी फुकट जातात.

आणखी एका जागी जाऊ नये: दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बायांत. त्यांना मजुरी किलोवर असते. संध्याकाळी गाठोडं काट्याला लागतं, तेव्हा बाई आकड्याकडे डोळे लावून बसते, आणि तो जास्त यावा म्हणून बसते. खान्देशात बाईला वाढलेलं वजन हवंहवंसं वाटावं अशी ही एक जागा. तिच्या स्वतःच्या हाडांवर काही नसतं. तिला कोणी 'वाळी गयी' म्हणत नाही. 'काटक' म्हणतात आणि दुसरी सरी दाखवतात.

उलटून बोलणारी

बहुतेक पोरी हसतात. काही "थायरॉईड आहे" म्हणतात. तिथे थांबू नये, जिऱ्याचं पाणी सांगावं. पीसीओडी म्हणाली तर लग्न उरकून टाकायला सांगावं. लग्न झालेलं असेल तर मूल. दोन मुलं असतील तर पुन्हा जिऱ्याचं पाणी.

खरी धास्ती शिवणकाम येणाऱ्या भाचीची. ती वाद घालत नाही. ती मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढते आणि आमरसाची वाटी हातात धरून बसलेल्या मामांना "जरा उभे राहा हो मामा" म्हणते. भारतीय डॉक्टरांनी पुरुषाच्या कमरेची मर्यादा 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 धरली आहे, हे तिने मोबाईलवर वाचलेलं असतं. मामा कौतुकाने उभे राहतात, कारण त्यांना आयुष्यात कोणी मापलेलं नसतं. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची असते, तेव्हा ती पुरते, आणि आकडा ओटीवर मोठ्याने वाचला जातो.

यावर उपाय एकच. टेप 90 च्या पुढे कात्रीने कापून ठेवा. घरातल्या बायकांच्या मापाला तेवढी बास होते. कोणाला कमी पडली तर आपल्याला संध्याकाळपर्यंत विषय मिळतो.